एकाच मापाच्या दोन फ्रेमा

सही गेल्याचं शिवगणाराधनेच्या दिवशी कळलं. माझी बायको सिद्धेश्वरी जाऊन अकरा दिवस झाले होते. जंगम स्वामी जेवून गेले होते, दुसरी पंगत बसली होती आणि मी दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात जोडत होतो. तेवढ्यात कीर्ती आली. ही माझ्या बायकोची जुनी विद्यार्थिनी. बायको मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची, आता कीर्ती टेंभुर्णीच्या एका शाळेत तेच शिकवते. तिनं फोटोला फूल वाहिलं, नमस्कार केला आणि शेजारी लावलेल्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली.

मी तिच्या मागं गेलो. मला तिला सांगायचं होतं की हे चित्र तुझं आहे, बाईंनी तुला द्यायला सांगितलंय, आज जाताना घेऊन जा. मी बोलायच्या आत तिनंच विचारलं.

"काका, खालचा कागद कुठाय?"

"कुठला कागद?"

"सहीचा."

मी चष्मा लावून जवळ गेलो. चित्र फ्रेमच्या कडेला जाऊन भिडलं होतं. वर, खाली, बाजूला कुठंच पांढरा कागद नव्हता. गेले सहा दिवस मी रोज सकाळी त्या भिंतीसमोर बसत होतो आणि माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. तिच्या लक्षात यायला एक मिनिटही लागलं नाही.

त्या चित्राची हकीकत आधी सांगतो, म्हणजे काय गेलं ते कळेल.

मल्लप्पा कोनापुरे हे मोठे चित्रकार. मूळचे आमच्याच भागातले, पुढं मुंबईला गेले, मग दिल्लीला, आणि नाव झालं. मुंबईला जायच्या आधी, बावीस-तेवीस वर्षांचे असताना, त्यांनी शेजारच्या एका बाईंचं चित्र काढलं होतं. बाई बसल्या आहेत, मान थोडी वळलेली, एक हात मांडीवर आणि दुसरा पदरावर. मूळ चित्र आता दिल्लीत कुणाच्या तरी संग्रहात आहे. म्हातारपणी कोनापुऱ्यांनी तेच चित्र दगडावर उतरवून त्याचे कागदावर छाप काढून घेतले. पंच्याहत्तर काढले. प्रत्येक छाप स्वतः तपासला आणि पसंत पडला तरच खाली पेन्सिलीनं आकडा घालून सही केली. ही सगळी माहिती बायकोची. मला चित्रातलं काही कळत नाही. पस्तीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त केले. काटा दुरुस्त झाला की सरकारी माणूस तपासतो आणि शिक्का मारतो. सहीचं मला तेवढ्यावरून कळलं.

अठ्ठ्याण्णव साली बायकोनं एका मासिकात त्या चित्राचा फोटो पाहिला. खाली लेखकानं लिहिलं होतं की बाईंच्या गळ्यात लॉकेटची दोरी दिसते. ती हसली. मला म्हणाली, "लॉकेट कसलं? हे शिवदार आहे. बाईंनी लिंग घातलंय, आणि पदर सावरायच्या निमित्तानं ते झाकतायत." मी बघितलं. आमच्या घरात माझी आई, तिची आई, सगळ्यांच्या गळ्यात ती दोरी. पण चित्रात ती ओळखायचं मला सुचलं नसतं. बायकोनं कोनापुऱ्यांना पत्र लिहिलं. पत्ता मासिकवाल्यांकडून मिळवला. पोस्टात मीच टाकलं, आणि टाकताना म्हणालो, एवढा मोठा माणूस तुला उत्तर देतोय होय? ती म्हणाली, उत्तरासाठी लिहिलं नाही, चुकीचं छापलंय म्हणून लिहिलं.

पाच महिन्यांनी पुठ्ठ्याची लांब नळी आली. आत हा छाप होता. खाली डाव्या कोपऱ्यात एकेचाळीसचा आकडा, आणि तिथून उजवीकडं पेन्सिलीनं एक ओळ: "सिद्धेश्वरीबाईंस, गळ्यातली दोरी एकट्या तुम्ही ओळखलीत." शेवटी सही.

बायकोनं त्याला कधी काच लावली नाही. उजेडानं रंग उडतो म्हणायची. कपाटात सपाट ठेवायची आणि दर वर्षी एकदा शाळेत नेऊन आठवीच्या मुलींना दाखवायची. कीर्तीनं तो पहिल्यांदा तिथंच पाहिला.

आता चूक कशी झाली ते. बायको गेल्यावर चौथ्या दिवशी मुलगा मृत्युंजय तिचा फोटो फ्रेम करायला निघाला. तो पुण्याला नोकरी करतो, रजेवर आला होता. जाताना म्हणाला, "अप्पा, आईचं चित्रही फ्रेम करून आणतो. तिच्या शेजारी लावू." मला बरं वाटलं. मी म्हणालो, आण. आणि वर म्हणालो, दोन्ही एकाच मापाच्या करायला सांग, भिंतीवर वेडंवाकडं दिसायला नको. फोटो बारा बाय अठराचा होता. चित्रही जवळपास तेवढंच, पण त्याचा कागद चारी बाजूंनी मोठा होता, खाली सगळ्यात जास्त. फ्रेमवाल्यानं सांगितलेल्या मापाचा कागद कापला. त्यानं दुसरं काय करायचं?

कीर्तीनं सहीचं विचारल्यावर मृत्युंजयचा चेहरा उतरला. पंगतीत वाढता वाढता तो थांबला आणि म्हणाला, चूक माझी आहे. मी त्याला सर्वांसमोर सांगितलं की माप मी दिलं होतं, चूक माझी आहे, तू भात वाढ. कीर्ती हळूच म्हणाली की काका, चित्र तर तेच आहे, असू द्या. मी म्हणालो, असू द्यायचं नाही. शिक्का गेलेलं वजन मी कधी गिऱ्हाइकाला दिलं नाही. तुला द्यायचं ते पुरं देणार.

तेव्हा ती जे बोलली ते मला अजून आठवतं.

"काका, तो शिक्का नव्हता. ते बाईंच्या पत्राचं उत्तर होतं."

पंचवीस वर्षं मी ती ओळ वाचली होती आणि दर वेळी माझी नजर आकड्यावर आणि सहीवर जायची.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी मी चनबसप्पाकडं गेलो. फ्रेमचं हे दुकान शुक्रवार पेठेत आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर. बापाच्या वेळेपासूनचं. देवांच्या तसबिरी आणि गेलेल्या माणसांचे फोटो, निम्मं काम हेच. चनबसप्पा माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि बोलायला मोठा. मी सगळं सांगितल्यावर त्यानं कपाळावर हात मारला.

"अण्णा, पेन्सिलीनं लिवलेलं बघितलं की मी. आकडा दिसला, पुढचं वाचलं न्हाई. मला वाटलं तुमच्या पोरानं माप लिवलंय. एनु माडोदु आता?"

काय करायचं ते मला माहीत होतं. मी विचारलं, कापलेला कागद कुठं टाकलास? तो म्हणाला, टाकला नाही. असला जाड कागद हल्ली मिळतो कुठं? फ्रेममध्ये फोटो ढिला बसला की मागच्या प्लायवुडच्या आत असा कागद घडी घालून सरकवतो, मग फोटो काचेला घट्ट बसतो, हलत नाही. वरची आणि बाजूच्या पट्ट्या बारीक होत्या, त्या केरात गेल्या. खालची पट्टी रुंद होती. ती मधोमध कापून दोन फ्रेमांत घातली.

"कुठल्या दोन?"

त्यानं वही काढली. तो दर फ्रेमला गिऱ्हाइकाचं नाव, गाव आणि माप लिहून ठेवतो, कारण काच फुटली की लोक त्याच्याकडंच परत येतात. त्या दिवशी पाच फ्रेमा झाल्या होत्या. तीन देवाच्या. त्यांत पुठ्ठा होता, कागद लागला नव्हता. उरल्या दोन. एक माळशिरसची, बिरुदेव नावाच्या माणसाचा फोटो. तो इथल्या दवाखान्यात वारला होता आणि घरचे गावी जायच्या आधी फोटो मोठा करून, फ्रेम करून घेऊन गेले होते.

"आणि दुसरी?"

चनबसप्पानं वहीवरून मान वर केली नाही. म्हणाला, "अक्कांची."

म्हणजे आमचीच.

मी त्याला पक्कड आणि टेप घेऊन घरी बोलावलं. घरात माझी बहीण होती, दोन-चार पाहुण्या बायका होत्या. फोटो भिंतीवरून उतरवायचा म्हटल्यावर बहीण अडवायला लागली. हार घातलेला फोटो असा काढतात का, कालच तर गणाराधना झाली, लोक काय म्हणतील. मी तिला सांगितलं की आत सिद्धेश्वरीला आलेलं उत्तर आहे आणि ते काढल्याबद्दल सिद्धेश्वरी मला रागावणार नाही. न काढल्याबद्दल रागावली असती. बहीण बाजूला झाली, पण तोंड फिरवून बसली.

हार मी स्वतः काढला. फोटोतल्या कपाळावर विभूती लावलेली होती, ती काचेवर होती, तिला हात लावला नाही. चनबसप्पानं फ्रेम चादरीवर पालथी ठेवली, टेप कापला, खिळे उपसले, प्लायवुड उचललं. आत घडी घातलेला कागद होता. त्यानं तो मला दिला. मी उलगडला. डाव्या कोपऱ्यात एकेचाळीस, आणि पुढं: "सिद्धेश्वरीबाईंस, गळ्यातली दोरी एकट्या तुम्ही". तिथं पट्टी कापलेली होती.

चनबसप्पानं घडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला की सुरकुती जाणार नाही. मी म्हणालो, सुरकुतीचं बघू. त्यानं साध्या पुठ्ठ्याचा तुकडा आत घालून फ्रेम बंद केली, मी हार परत घातला. सगळ्याला वीस मिनिटं लागली. जाताना त्यानं माळशिरसचा फोन नंबर लिहून दिला.

फोनवर मी काही सांगितलं नाही. असली गोष्ट फोनवर सांगून कळत नाही. फक्त भेटायला येतो म्हणालो. कीर्तीला कळवलं तर ती म्हणाली, मीही येते, टेंभुर्णीला उतरा, पुढं बरोबर जाऊ. रविवारी गेलो. टेंभुर्णीच्या स्टँडवर ती पाण्याची बाटली आणि केळी घेऊन उभी होती. अकलूजमार्गे दुसऱ्या गाडीनं गेलो. वाटेत दोन्ही बाजूंनी ऊस होता आणि आम्ही शाळेबद्दल बोललो. ती मला सांगत होती की बाई आठवीला पहिल्या तासाला काही काढायला लावत नसत, नुसतं बघायला लावत. शेजारणीच्या हाताकडं दहा मिनिटं बघा आणि मग सांगा काय दिसलं. कीर्तीनं शेजारणीच्या नखाखालचा तंबाखू सांगितला होता. मुलगी घरी आईला विड्या वळू लागायची. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ही बघते. कीर्ती म्हणाली, तेवढ्या दोन शब्दांवर मी चित्रकलेला गेले, काका. नाहीतर डी.एड. करून मोकळी झाले असते.

ही गोष्ट बायकोनं मला कधी सांगितली नव्हती.

बिरुदेवचं घर गावाबाहेर रानात होतं. पत्र्याचं, पुढं मोठं अंगण. त्याची आई शिवबाई अंगणात शेंगा निवडत बसली होती. तिच्या पुतण्यानं आम्हाला बाजेवर बसवलं. फोटो दारातून समोरच दिसत होता. चाळिशीचा माणूस, फेटा बांधलेला, कुणाच्या तरी लग्नातला फोटो असावा. मी म्हातारीला आधी सांगितलं की माझी बायको तुमच्या मुलाच्याच आठवड्यात गेली आणि दोघांच्या फ्रेमा एकाच दुकानात एकाच दिवशी झाल्या. मग कागदाचं सांगितलं.

पुतण्याला आधी कागद म्हणजे जमिनीचा वाटला. त्यानं कान टवकारले. कीर्तीनं चित्राचं समजावून सांगितल्यावर त्याचा रस संपला आणि तो म्हणाला, एवढंच ना, आत्ता उतरवतो. तो उठलाही. शिवबाईनं शेंगांवरची नजर न काढता त्याला बस म्हटलं. तो बसला.

"आमच्यात फोटू वरीस झाल्याबिगर हलवत न्हाईत," ती मला म्हणाली. "एकदा टांगला की टांगला. वर्साचा इधी झाला की मग उतरवायचा, पुसायचा, परत लावायचा. मदी हात लावला तर माणूस दुसऱ्यांदी नेल्यासारकं हुतंय."

मी तिला सांगितलं की मी माझ्या बायकोचा उतरवला.

"तुमी उतरवला, तुमचं माणूस. तुमाला तिचं ठावं." मग तिनं विचारलं, "तेच्यावर लिवलंय तरी काय?"

मी पूर्ण ओळ म्हणून दाखवली. दोरी म्हणजे काय तेही सांगितलं. तिनं ऐकलं. मग विचारलं, तुमच्याकडं कुठवर आलंय आणि माझ्याकडं काय राहिलंय.

"तुमच्याकडं एक शब्द आहे. 'ओळखलीत'. आणि सही."

"वळखलीत," ती म्हणाली आणि तिनं फोटोकडं बघितलं. मग तिनं सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं.

चहा झाल्यावर ती शेंगांची पाटी घेऊन आत गेली. पुतण्या आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि वाटेत हळूच म्हणाला, "पाव्हणं, चार वाजता काकू शेरडं घिऊन वड्याला जाती. तासभर येत न्हाई. तुमी फाट्यावर थांबा. मी उतरवतो, तुमी कागद काढा, परत लावतो. तिला कळायचं बी न्हाई."

कीर्तीनं माझ्याकडं बघितलं. मला माहीत होतं की तिला सहीची किती ओढ आहे. माझ्याहून जास्त असेल. आणि मला तिला ते चित्र पुरं द्यायचं होतं, बायकोला दवाखान्यात तसा शब्द दिला होता. पक्कड माझ्या पिशवीत होती. काम वीस मिनिटांचं. प्लायवुड कसं उचलायचं ते मी पाहिलं होतं.

मी पुतण्याला नाही म्हणालो. मी पस्तीस वर्षं लोकांचे काटे उघडले, पण मालक समोर असल्याशिवाय एकही उघडला नाही. मालक चहाला गेला तर मी तो येईपर्यंत बसून राहायचो. लोक म्हणायचे, अण्णा, तुमच्यावर विश्वास आहे हो. मी म्हणायचो, आहे ना, तो राहू दे म्हणूनच बसलोय. हे मी त्या पोराला सांगितलं नाही. फक्त सांगितलं की तुझी काकू स्वतः फोटो उतरवेल तोवर आम्ही थांबू.

"वर्सभर?" तो म्हणाला. "लई भारी माणूस हाय की तुमी."

मी परत अंगणात गेलो. शिवबाई दाराशी आली होती. मी तिला विचारलं की वर्षश्राद्ध कधी येतं. तिनं बोटांवर मोजून माघ सांगितला. मी म्हणालो, मी येईन. ती म्हणाली, "तुमीच या. माज्या हातानं फोटू खाली घीन, तुमच्या हातानं कागद काडा. जेवून जा त्या दिवशी." मग कीर्तीकडं बोट करून म्हणाली, "हिला बी आणा."

परतीच्या गाडीत कीर्ती खिडकीशी बसली होती. म्हणाली की बाईंनाही हेच पटलं असतं. मी म्हणालो, तिला पटलं असतं, पण आधी मला एकाच मापाच्या फ्रेमांवरून भरपूर ऐकवलं असतं. कीर्ती हसली. बायको गेल्यापासून तिच्याबद्दल बोलताना कुणी हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला ते आवडलं.

टेंभुर्णीला ती उतरायच्या आधी मी तिला सांगितलं की चित्र येत्या रविवारी घेऊन जा. ती नको म्हणाली. पुरं झाल्यावर द्या. मी म्हणालो, पुरं व्हायची वाट बघत ते माझ्या भिंतीवर उजेडात राहिलं तर रंग उडेल, आणि तुझ्या आठवीच्या मुलींचं एक वर्ष जाईल. मुलींना दाखव. खाली काय नाही तेही सांग, आणि का नाही तेही. माप कुणी दिलं ते माझ्या नावानिशी सांग.

ती रविवारी आली. चनबसप्पानं घरी येऊन चित्राची फ्रेम खोलली आणि फ्रेमचे पैसे परत द्यायला लागला. मी घेतले नाहीत. काम त्यानं सांगितलं तसं केलं होतं. चित्र पुठ्ठ्यात सपाट बांधलं आणि डावी पट्टी वेगळ्या पाकिटात घालून त्यावर ठेवली. कीर्तीनं दोन्ही नेलं. भिंतीवर चित्राचा खिळा आहे, तो मी काढलेला नाही आणि तिथं काही लावणारही नाही. मृत्युंजय म्हणतो की तिथं आईचा दुसरा फोटो लावू. मी त्याला सांगितलंय, एक पुरे.

मागच्या आठवड्यात कीर्तीचा फोन आला. तिनं वर्गात चित्र दाखवलं. दोरी कुणीही सांगितली नाही. पण एक मुलगी म्हणाली की ह्या बाईंना बसून कंटाळा आलाय आणि त्या चित्र काढणाऱ्याला सांगत नाहीयेत. कीर्ती म्हणाली, मला हे पंधरा वर्षांत दिसलं नव्हतं, काका. मी कपाटातलं ते जुनं मासिक काढलं आणि त्यातला फोटो भिंग लावून बघितला. मुलगी बरोबर सांगते.

बिरुदेवचं वर्षश्राद्ध माघात आहे. डावी पट्टी कीर्तीकडं आहे. "ओळखलीत" हा शब्द आणि कोनापुऱ्यांची सही माळशिरसला फोटोच्या मागं आहे. ती अजून आणायची आहे.